‘रावण’ हे नाव ठेवता येतं. पण घाई करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कऱ्हाड तालुक्यातलं एक तरुण जोडपं, पहिला मुलगा. वडिलांना त्याचं नाव ‘रावण’ ठेवायचं आहे. रावण विद्वान होता, शिवभक्त होता, त्याला उगीच बदनाम केलं, असं त्यांचं म्हणणं. आजोबांनी बोलणं सोडलंय, शाळेत पोरं चिडवतील म्हणून आजी विरोधात आहे, आत्याने बारशाला पाऊल ठेवणार नाही म्हणून कळवलंय, आणि ग्रामपंचायतीतून ‘असलं नाव रजिस्टरला घेता येत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालंय. पोराला हवं ते नाव द्यायचं स्वातंत्र्य आई-बापाला आहे की नाही, एवढंच त्यांना विचारायचं आहे. पत्नीचं मत काय, हे प्रश्नात कुठेच नाही. त्याकडे नंतर येते.

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. नावबदल, जन्मनोंदीतल्या दुरुस्त्या, शाळेच्या दाखल्यावरची चुकलेली नावं ही कामं माझ्या टेबलावर कायम असतात. आधी कायद्याचं उत्तर देते, मग मला जे सांगायचंय ते.

कायद्याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. भारतात मुलांच्या मंजूर नावांची यादी नाही आणि मनाई केलेल्या नावांचीही नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम १४ सांगतं की जन्माची नोंद नावाविना झाली असेल तर आई-वडिलांनी किंवा पालकाने मुदतीत तोंडी अथवा लेखी नाव कळवावं आणि निबंधकाने ते नोंदवहीत लिहावं. नाव चांगलं की वाईट, शोभतं की नाही, हे तपासायचं काम त्याला दिलेलं नाही. गावात हा निबंधक म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं). तो माणूस म्हणून तुम्हाला चार शब्द सुनावू शकतो. निबंधक म्हणून त्याला लिहूनच घ्यावं लागतं.

तरीही अडला तर भांडू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकारही लेखी मागा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, कारण तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. ते कागदावर, कलमाच्या आधारासह लिहायला कुणी धजत नाही. तरी नाही मिटलं तर २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम २५अ आहे. निबंधकाच्या कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि ते ९० दिवसांत निकाली काढायचं असतं. आपल्याकडे जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. विनाकारण नोंद नाकारणाऱ्या निबंधकाला दंडाचीही तरतूद आहे, पण रक्कम ऐकून हसाल, म्हणून सांगत नाही.

घटनेच्या बाजूनेही तुम्ही भक्कम आहात. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावबदलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी दिलेल्या निकालात नाव हा माणसाच्या ओळखीचा गाभा मानला आणि ते हवं तसं लावण्याला कलम १९(१)(अ) च्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार दिला. पण तो निकाल नीट वाचला की एक गोष्ट नजरेत भरते. तिथे बोललं गेलंय ते ज्याचं नाव आहे त्याच्या हक्काबद्दल. दुसऱ्याला नाव देणाऱ्याच्या हक्काबद्दल नाही. तुम्ही ‘माझं स्वातंत्र्य’ म्हणता ते खरं तर विश्वस्ताचं आहे. पोर बोलू लागेपर्यंत आणि सही करू लागेपर्यंत तुम्ही त्याच्या वतीने निर्णय घेताय.

विवाद होईल म्हणून हे नाव ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. कारण आपल्याच जिल्ह्यात सगळ्यांत क्रूर ठरलेल्या नावावर कधीही, कुठेही विवाद झाला नव्हता.

ते नाव नकुशी. कुठे नकुसा, कुठे नकोशी. मुलगा हवा असताना दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की तिला हे नाव. माण-खटावकडून पाटणपर्यंत ते सर्रास होतं. एकाही निबंधकाने ‘असलं नाव घेता येत नाही’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मास्तरांनी ते हजेरीपटावर लिहिलं, अंगणवाडीत ते पुकारलं गेलं, शिधापत्रिकेवर चढलं, लग्नपत्रिकेवर छापलं गेलं. आजी रडली नाही, आत्याने बारशावर बहिष्कार टाकला नाही. बऱ्याचदा ते नाव आत्यानेच कानात सांगितलेलं असायचं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलांमागे ९१९ मुली उरल्याचं दिसलं (त्याआधीच्या जनगणनेत त्या ९२७ होत्या) आणि मग सगळ्यांना एकदम जाग आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने अशा मुली शोधून काढल्या आणि साताऱ्यात समारंभ करून २८५ जणींना नवी नावं दिली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. बातमी जगभर गेली.

समारंभानंतर कागदांची लढाई सुरू होते, ती बातमीत येत नाही. माझ्याकडे आलेल्या एकीचं जन्मनोंदीत एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, आधारला तिसरंच स्पेलिंग. नर्सिंगच्या प्रवेशाला तिन्ही कागद एकत्र मागितले तेव्हा ती आणि तिचे वडील आले. वडील खाली बघून बसले होते. पोरगी मात्र शांत होती. एवढंच विचारत होती की जुनं नाव सगळीकडून कायमचं जाईल ना? नाही जात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं घ्या. शहरातल्या माणसाला ही नावं आणि नकुशी एकाच माळेतले मणी वाटतात. तसं नाही. आधीची लेकरं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम दगड किंवा केर असं ठेवायचे, म्हणजे मृत्यूला ते उचलावंसं वाटणार नाही. धोंडो केशव कर्वे भारतरत्न झाले तरी त्यांचं नाव धोंडोच होतं. ऐकायला ओबडधोबड, पण ते नाव त्याच लेकराला वाचवण्यासाठी होतं. नकुशी हे नाव मात्र त्या मुलीसाठी नव्हतंच. ते पुढे जन्मावं अशी इच्छा असलेल्या मुलासाठी होतं. तिच्या कपाळावर दुसऱ्याच कुणासाठीचा नवस लिहिलेला होता.

वादग्रस्त नाव घेऊन कुणी आलं की मी हाच प्रश्न विचारते: हे नाव कुणासाठी आहे? बाळासाठी, की तुमच्या बाहेरच्या कुणाला काही सांगण्यासाठी? एम. के. स्टॅलिन यांचा जन्म १ मार्च १९५३ चा. चारच दिवसांनी रशियातला स्टॅलिन वारला आणि करुणानिधींनी मुलाला ते नाव दिलं. मेघालयात ॲडॉल्फ लू हिटलर मराक नावाचे गृहस्थ आमदार झाले. म्हणजे भारतात नावाने कुणाचं कायमचं अडतं असं नाही. पण या दोन्ही नावांत मुलाचं असं काही नव्हतं. एकात बापाचं राजकारण होतं, दुसऱ्यात बहुधा नुसता आवाज आवडलेला होता. मुलं त्यातून तरली, ती स्वतःच्या बळावर.

‘मग सरकारनेच असली नावं रोखावीत’ असं आजोबा म्हणतील. बाहेरच्या देशांत ते करून पाहिलंय. फ्रान्समध्ये १८०३ पासून नावं कॅलेंडरातल्या संतांची किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसांचीच हवीत असा कायदा होता. तो १९९३ मध्ये सैल झाला. आता नाव कोणतंही नोंदवतात, पण मुलाच्या हिताला बाधक वाटलं तर अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायाधीश करतो. एका मुलीचं नाव आई-बापाने ‘नुटेला’ ठेवलं होतं, ब्रेडला लावायच्या चॉकलेटच्या बरणीवरचं. न्यायाधीशांनी ते ‘एला’ केलं. २०१५ च्या सुरुवातीला ते प्रकरण बरंच गाजलं. वेल्समध्ये एका आईला जुळ्यांतल्या मुलीचं नाव ‘सायनाइड’ ठेवायचं होतं. तिचा युक्तिवाद असा की हिटलर ज्या विषाने मेला ते नाव वाईट कसं? २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तिला अडवलं.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं प्रकरण जपानमधलं. १९९३ मध्ये टोकियोजवळच्या अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव ‘अकुमा’ ठेवलं. अकुमा म्हणजे सैतान. पालिकेने आधी नोंद स्वीकारली आणि मग नाकारली, वाद कोर्टात गेला, देशभर चर्चा झाली. शेवटी आई-बापाने दुसरं नाव दिलं. आणि न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका नऊ वर्षांच्या मुलीला न्यायाधीशांनी काही काळ कोर्टाच्या पालकत्वाखाली घेतलं, ते केवळ तिचं नाव बदलता यावं म्हणून. तिचं नाव म्हणजे अख्खं वाक्यच होतं, ‘हवाईहून आलेली टलुला हुला नाच करते’ अशा धर्तीचं. ती मैत्रिणींना खरं नाव सांगायची नाही. नुसतं ‘के’ म्हणा म्हणायची. माझ्या मते या सगळ्यांत शहाणपणाचं प्रकरण हेच, कारण तिथे बोलणारी स्वतः ती मुलगी होती.

पण याच अधिकाराची दुसरी बाजू बघा. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१३ मध्ये एक जोडपं मुलाच्या आडनावाच्या वादासाठी कोर्टात गेलं. पहिल्या नावावर दोघांचं काहीच भांडण नव्हतं. ते होतं ‘मसीहा’. तिथल्या दंडाधिकारी बाईंनी मसीहा एकच, येशू ख्रिस्त, असं म्हणत नाव बदलून ‘मार्टिन’ केलं. वरच्या कोर्टाने पुढच्याच महिन्यात तो हुकूम उलटवला आणि पुढे बाईंचं पदही गेलं. खुर्चीवरच्या माणसाच्या हातात नाव नाकारायची ताकद दिली की तो स्वतःची श्रद्धा आणि स्वतःची आवड कायदा म्हणून चालवतो.

आपल्याकडे तर ही भीती नुसती कल्पनेतली नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. नावं कुणी कशी ठेवायची हे वरून ठरवण्याची आपली परंपरा अशी आहे. गावकुसाबाहेरच्या पोराचं नाव वाराच्या नावावरून, सोम्या नाहीतर मंगळ्या, आणि पाटलाच्या पोराचं प्रतापराव, हे फार जुनं झालेलं नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नावं दिली, त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मनाचं नाव ठेवलं की ते कुणाला ना कुणाला खटकतंच. म्हणून ग्रामसेवकाच्या हातात नकाराधिकार द्यायला माझा ठाम विरोध आहे. त्याला ‘रावण’ नाकारता येऊ लागलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला ‘सिद्धार्थ’ किंवा ‘आयेशा’ खटकेल. नकुशीवर मात्र तेव्हाही कुणाची हरकत आली नसती.

(साताऱ्याला नावांचं राजकारण तसं नवं नाही. औरंगजेबाने १७०० साली आपला किल्ला घेतला तेव्हा त्याचं नाव ‘आझमतारा’ केलं. आज आपण अजिंक्यतारा म्हणतो. किल्ल्याला नाव बदललेलं कळत नाही. पोराला कळतं.)

आता कागदाकडे येते, कारण भावनेपेक्षा पोराला पुढे नडणार आहे तो कागद. नाव चढवणं सोपं आहे आणि उतरवणं अवघड, ही या कायद्याची मोठी विसंगती. जन्मनोंदीतली दुरुस्ती कलम १५ खाली होते, पण ते कलम चुकलेल्या किंवा खोट्या नोंदीसाठी आहे. तुम्ही विचारपूर्वक ‘रावण’ लिहून दिलंत तर ती चूक नाही, मग दुरुस्ती कशाची? आणि खरी दुरुस्ती झाली तरी मूळ नोंद खोडत नाहीत. समासात नवी नोंद करतात. नकुशी असलेल्या पोरीला मी ‘नाही जात’ म्हटलं ते यामुळे. जुन्या नोंदी फार चिवट असतात. साताऱ्यात आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या मुलाचं नाव ‘भिवा’ असं आहे. तो मुलगा पुढे डॉ. भीमराव आंबेडकर झाला, त्याने अख्ख्या देशाची घटना लिहिली, पण रजिस्टरमध्ये तो अजून भिवाच आहे आणि आपण ती नोंद अभिमानाने जपतो. भिवा हे लाडाचं नाव होतं म्हणून ते जपावंसं वाटतं. प्रत्येकाला आपली पहिली नोंद जपावीशी वाटेल असं नाही.

नाव बदलायचं तर रस्ता आहे तो महाराष्ट्र शासन राजपत्राचा, म्हणजे आपण ज्याला गॅझेट करणं म्हणतो तो. अर्ज आता ऑनलाइन होतो आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलासाठी पालकाला तो करता येतो. गॅझेट हातात आलं म्हणजे काम झालं, असं लोक समजतात. तिथून खरी पायपीट सुरू होते. शाळेच्या रजिस्टरमध्ये बदल करायला मुख्याध्यापकांनी प्रस्ताव पाठवायचा, शिक्षण विभागाची मंजुरी आणायची. एकदा शाळा सोडल्याचा दाखला निघाला की ते आणखी किचकट. मग आधार, बँक, पॅन, पासपोर्ट. जन्मदाखल्यावरचं नाव गॅझेटने आपोआप बदलत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखल्याचं वजन आणखी वाढलंय. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून तोच धरायचा असं नव्या तरतुदीत आहे. म्हणजे तुमच्या मुलाने अठराव्या वर्षी नाव बदललं तरी प्रत्येक ठिकाणी जुना दाखला, सोबत गॅझेट आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र हे बाड त्याच्या पिशवीत राहणार.

सुधारणा व्हायला हवी ती इथे. नाव ठेवताना आई-बापाला अडवू नका; पण मूल सज्ञान झालं की एकदा, साध्या अर्जावर, कारण न विचारता जन्मनोंदीतलं नाव बदलून द्या. न्यूझीलंडच्या त्या मुलीला कोर्टाच्या पालकत्वाखाली जावं लागलं, आपल्याकडच्या मुलीला निदान नगरपालिकेच्या खिडकीवर तरी काम व्हावं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ७ मध्ये जन्मापासून नाव मिळण्याचा हक्क मुलाचा म्हणून नोंदलाय आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारलीय. आपला कायदा मात्र अजून मुलाकडे नाव कळवणाऱ्यांचा विषय म्हणूनच बघतो.

जाता जाता सांगते, माझ्याकडे नावाचे जे तंटे येतात त्यांतले बहुसंख्य वादग्रस्त नावांचे नसतातच. ते स्पेलिंगचे असतात. ज्ञानेश्वर आपल्याकडे इंग्रजीत ‘डी’पासून सुरू होतो, दिल्लीच्या फॉर्मवर तोच ‘जी’पासून. ‘रावण’ला इंग्रजीत व्ही लावणार की डब्ल्यू, शेवटी ए लावणार की नाही, हे जन्मनोंदीच्या दिवशीच ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका. नावाने जितकं नडत नाही तितकं त्या एका अक्षराने नडतं.

पत्नीबद्दल. तुमच्या प्रश्नात ‘मी’ आहे, ‘माझे वडील’ आहेत, ‘माझी आई’ आहे, ‘माझी बहीण’ आहे. बाळाची आई नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाची सरकारी कागदावरची मांडणी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी आहे. तुमच्या मुलाच्या नावाला लगेच चिकटणार ते तिचं नाव. (ते सीता असेल तर आधीच सांगते, पोराला प्रत्येक हजेरीला दोनदा ऐकावं लागेल.) विनोद बाजूला ठेवा, पण तिचा होकार हवाच, नुसता मुकाट्याने दिलेला नाही. आई-बापाचं जमलं नाही तर काय होतं याचं उदाहरण केरळमधलं आहे. वेगळे राहणाऱ्या दोघांचं मुलीच्या नावावर एकमत होईना, जन्मदाखल्यावर नाव नव्हतं, निबंधक दोघांना हजर राहायला सांगत होता आणि तिकडे शाळा नावाविना दाखला घेईना. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने पालकाची भूमिका स्वतःकडे घेऊन त्या लेकराचं नाव ठरवलं. बारसं हायकोर्टात होण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आता ‘रावण’बद्दल माझं मत, विचारलं नसलंत तरी. रावणाला मानणारे लोक महाराष्ट्रात आहेत. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची मूर्ती पुजली जाते. मेळघाटातले कोरकू मेघनाथाला पुजतात. तिथल्या एखाद्या घरात हे नाव आलं तर पोराच्या पाठीशी आजी असते, गाव असतं, सण असतो. कुणी चिडवलं तर त्याला सांगायला गोष्ट असते आणि ती गोष्ट खरी म्हणणारी पन्नास माणसं असतात. तुमच्या घरात आज ती गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे. आजोबा विरुद्ध, आजी विरुद्ध, आत्या विरुद्ध. म्हणजे पहिली पाच वर्षं त्या पोराच्या नावाचा अर्थ घरात एकच राहणार: बाबा आणि आजोबांचं भांडण. रावणाशी त्याचा फारसा संबंध उरणार नाही.

भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांनीही काही काळ ‘रावण’ हे नाव लावलं होतं आणि पुढे सोडून दिलं. ते त्यांना सहज जमलं, कारण लावणाराही तोच आणि सोडणाराही तोच. रावणाची बाजू मांडायची तुमची ओढ खरी असेल तर तुम्ही स्वतः ती मांडा. लिहा, दसऱ्याला बोला, हवं तर टोपणनाव घ्या.

शाळेत चिडवतील, हा आजीचा मुद्दा मी फारसा धरत नाही. पोरं चिडवायला नाव शोधत नाहीत. अथर्वलाही चिडवतात आणि साईराजलाही. मला काळजी आहे ती नंतरची, जिथे चिडवणारा समोर दिसत नाही. भाड्याची खोली, मुलाखत, परगावच्या नाक्यावर पोलिसाने मागितलेलं ओळखपत्र. तिथे समोरचा काही बोलत नाही, नुसतं नावाकडे बघून मान वर करतो. त्या क्षणी त्या माणसाला उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता. हे ओझं पेलायची तयारी पोराची आहे की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही, कारण तो अजून पालथा पडायलाही शिकलेला नाही.

यावर उपाय आपल्या घरांत जुनाच आहे. पाळण्यातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं. माझ्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाची खरी नावं मयतीच्या दाखल्यावरच कळायची. घरात तुम्ही त्याला रावण म्हणा, लंकेश म्हणा, आजोबा त्याला राम म्हणोत. कागदावर दोघांना पटेल असं तिसरं नाव घाला. तो मोठा झाला, सगळ्या बाजू वाचल्या आणि त्याला ‘रावण’च लावावंसं वाटलं, तर गॅझेट त्यालाही खुलं आहे. त्या दिवशी त्याचं काम करायला मी आनंदाने उभी राहीन आणि फी घेणार नाही.

आणि एवढं सगळं वाचूनही तुम्ही दोघं, दोघंही, ‘रावण’वर ठाम असाल तर ठेवा. तो तुमचा अधिकार आहे आणि ग्रामपंचायतीला तो मोडता येणार नाही. फक्त आज नको. बाळ किती दिवसांचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत दिली पाहिजे. नंतर विलंबशुल्क आणि परवानग्या मागे लागतात. पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधराव्या वर्षापर्यंत किरकोळ विलंबशुल्क भरून चढवता येतं. दवाखान्यात झालेल्या जन्माची माहिती दवाखाना पाठवतो, तेव्हा तिथल्या फॉर्मवर घाईघाईत कुणी काही नाव भरलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या. नोंद करा, नावाचा रकाना रिकामा सोडा, दाखला घ्या. अकरा महिन्यांनी पत्नीला सोबत घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि दोघांच्या सहीने जे ठरलं असेल ते लिहून द्या.